एकोणीस सह्या

१९०४ साली लंडनच्या केमिकल सोसायटीकडे एक अर्ज गेला. अर्जाखाली १९ सह्या होत्या आणि सगळ्या स्त्रियांच्या. मागणं साधं होतं, आम्हालाही सोसायटीचं फेलो, म्हणजे पूर्ण हक्काचं सभासद, करून घ्या. त्यात पदक मागितलेलं नव्हतं, पारितोषिक नव्हतं, कुणाच्या नावाने व्याख्यान ठेवा असंही म्हटलेलं नव्हतं. ज्या संस्थेच्या नियतकालिकात आमचे शोधनिबंध छापून येतात, त्या संस्थेत आम्हाला रीतसर घ्या, एवढंच.

हा अर्ज माझ्या मनात बरीच वर्षं घर करून आहे. मी रसायनशास्त्राची. एम.एस्सी. झाल्यापासून औषध कंपन्यांच्या क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीच्या, लॅबमध्ये काम करत आले आणि आमच्या भागातल्या रसायनतज्ज्ञांच्या एका संघटनेची सभासदही आहे. दरवर्षी आमच्याकडे पुरस्कार समारंभ होतो. शाल, श्रीफळ, मानचिन्ह, दोन भाषणं, मग जेवण. मला तो समारंभ मनापासून आवडतो. वर्षभर एचपीएलसीच्या, म्हणजे औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या, खोलीत मान खाली घालून बसलेल्या माणसाचं नाव त्या दिवशी माइकवरून पुकारलं जातं, त्याची आई पहिल्या रांगेत बसलेली असते, आणि त्याने नेमकं काय केलं हे तिला पहिल्यांदाच कुणीतरी समजावून सांगतं. हे थोडं नाही.

पण पुरस्काराची यादी वाचताना मला हल्ली दुसरी यादी आठवते, सभासदांची. कुणाला मान मिळाला हे पहिल्या यादीत दिसतं. कुणाला बसायला जागा मिळाली हे दुसऱ्या यादीत. मान देणं आणि जागा देणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि संस्थांना पहिली फार लवकर जमते. दुसरीला पिढ्या जातात. लंडनच्या त्या अर्जाची गोष्ट मला म्हणूनच सांगायची आहे.

केमिकल सोसायटी स्थापन झाली १८४१ साली. पहिले अध्यक्ष टॉमस ग्रॅहम, वायूंच्या विसरणाचा नियम शाळेत शिकताना ज्यांचं नाव आपण पाठ करतो तेच. १८४८ मध्ये संस्थेला राजसनद मिळाली. सभांमध्ये शोधनिबंध वाचले जात, त्यावर वाद होत, मग ते छापले जात. त्या काळात रसायनशास्त्रात काही करायचं तर या खोलीत असणं गरजेचं होतं. नोकऱ्यांची बोलणी तिथे होत. कोण काय करतंय हे छापून येण्याआधी तिथे कळत असे. आणि संदर्भासाठी ग्रंथालय होतं, ज्याच्याशिवाय एखाद्या संयुगाचं आधी कुणी काम केलंय का, हेसुद्धा कळणं अवघड.

स्त्रियांना सदस्य करावं की नाही हा विषय १८८० पासून अधूनमधून निघत होता आणि दरवेळी बाजूला ठेवला जात होता. मग १९०४ उजाडलं. त्या वर्षी सोसायटीने मारी क्यूरींना परदेशी मानद सदस्य म्हणून निवडलं. आदल्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं होतं. म्हणजे पॅरिसमधल्या बाईंना मान देण्यात अडचण नव्हती. त्या रोज सभेला येऊन बसणार नव्हत्या, मतदान करणार नव्हत्या, ग्रंथालयात कुणाच्या शेजारच्या खुर्चीवर पुस्तक उघडणार नव्हत्या.

लंडन, केंब्रिज, ब्रिस्टलच्या प्रयोगशाळांत काम करणाऱ्या स्त्रियांनी ही संधी साधली. क्यूरींना घेतलंत ना, मग आता आमचं बघा. अर्जात त्यांनी हिशेब मांडला होता. गेल्या तीस वर्षांत सोसायटीच्या प्रकाशनांत सुमारे १५० स्त्रियांची नावं लेखक किंवा सहलेखक म्हणून आली आहेत आणि निबंधांची संख्या ३०० च्या आसपास आहे. मला हा मुद्दा फार आवडतो. कुठे गहिवर नाही, विनवणी नाही. तुमच्याच कपाटातले अंक काढा आणि मोजा, असं आपल्या विषयाला शोभेल असं सांगणं आहे.

त्या १९ जणींपैकी काहींबद्दल मी मिळेल तिथून वाचत आले.

आयडा फ्रॉइंड ऑस्ट्रियात जन्मलेल्या. तरुणपणी सायकलच्या अपघातात एक पाय गेला. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात मुलींसाठी वेगळी प्रयोगशाळा होती, ती त्यांनी पंचवीसेक वर्षं चालवली. परीक्षा जवळ आली की त्या मुलींना आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलेव्हवर खास व्याख्यान आहे असं सांगून बोलावत. मुली येऊन बघतात तो काय, समोर भलीमोठी आवर्तसारणी मांडलेली, आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या जागी आयसिंग केलेला छोटा केक. केकवर मूलद्रव्याचं नाव आणि अणुभार लिहिलेला, आणि गटांमधल्या रेघा चॉकलेटच्या. घोकून दमलेल्या पोरींना त्या दिवशी आवर्तसारणी खायला मिळायची. हे वाचलं तेव्हा मला कॉलेजात भिंतीवर लटकणारा, कोपरे फाटलेला तक्ता आठवला आणि वाटलं, आपल्याला अशा बाई हव्या होत्या. १९०४ मध्येच त्यांचं पदार्थांच्या रासायनिक घडणीच्या अभ्यासावरचं जाडजूड पुस्तक प्रसिद्ध झालं. त्या १९१४ मध्ये गेल्या, फेलो न होताच.

ल्यूसी बूल या जॉर्ज बूल यांच्या कन्या. संगणकाच्या मुळाशी असलेलं बूलचं बीजगणित ज्यांचं, ते. ल्यूसीची आई जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी, म्हणजे आपल्याकडच्या सर्वेक्षण खात्याशी आणि त्या शिखराशी जोडलेलं घराणं. ल्यूसीने स्वतः औषधांच्या रसायनशास्त्रात काम केलं, टार्टर एमेटिक या ओकारी आणणाऱ्या औषधाचं प्रमाण काढायची पद्धत बसवली. क्यूसीत आयुष्य काढणाऱ्या माझ्यासारखीला ही बाई एकदम घरची वाटते. १८९४ मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ केमिस्ट्री या दुसऱ्या संस्थेने त्यांना फेलो करून घेतलं होतं. त्याच शहरात, त्याच विषयातल्या एका संस्थेला जे दहा वर्षं आधी जमलं, ते दुसरीला जमत नव्हतं. अर्जानंतर थोड्याच काळात ल्यूसी वारल्या.

आणि ईडिथ हम्फ्री. या झुरिकला आल्फ्रेड वेर्नर यांच्याकडे डॉक्टरेटसाठी गेल्या. वेर्नर तेव्हा धातूंच्या संकुलांची रचना कशी असते यावर सगळ्या जगाशी भांडत होते. मधे कोबाल्ट, आणि त्याच्याभोवती सहा बाजूंनी बांधलेले गट, अशी त्यांची कल्पना. ईडिथनी त्यांच्या प्रयोगशाळेत कोबाल्टची संकुलं तयार केली, त्यांचे स्फटिक काढले आणि १९०१ मध्ये डॉक्टरेट मिळवून परत आल्या. वेर्नरना १९१३ मध्ये नोबेल मिळालं. ईडिथना इंग्लंडमध्ये काम मिळालं ते भिंतीवर लावायचा कागद आणि कापड छापणाऱ्या कंपनीत. ते काम हलकं नव्हे, रंगांचं रसायन किती अवघड असतं हे रंगकारखान्यात पाऊल टाकलेल्या कुणालाही माहीत आहे. पण स्फटिकांची गोष्ट तिथे संपत नाही. १९९१ मध्ये सोसायटीला दीडशे वर्षं झाली तेव्हा स्विस रसायनतज्ज्ञांनी भेट म्हणून एक पेटी पाठवली. त्या पेटीत ईडिथनी नव्वदेक वर्षांपूर्वी तयार केलेले ते मूळ स्फटिक होते. स्वतः ईडिथ १०२ वर्षं जगल्या, १९७८ मध्ये गेल्या. ज्या संस्थेने एकेकाळी त्यांचा अर्ज परत केला, तिच्याकडे त्यांच्या हातचे स्फटिक सन्मानाने पोचले ते त्या गेल्यावर तेरा वर्षांनी.

अर्ज फेटाळला गेला तो विरोधक मूर्ख होते म्हणून नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. सर्वात ठाम विरोधक हेन्री आर्मस्ट्राँग. सोसायटीचे माजी अध्यक्ष, रसायनशास्त्र हाताने करून शिकावं असा आग्रह धरणारे मोठे शिक्षक. त्यांचं म्हणणं असं की बुद्धी आनुवंशिक असते, तेव्हा ज्या स्त्रियांनी रसायनशास्त्रात चमक दाखवली आहे त्यांना तर या कामातून दूरच ठेवलं पाहिजे, कारण पुढच्या पिढीतल्या रसायनतज्ज्ञांच्या माता होणं हे त्यांचं काम. हे वाचून मला राग येतो, आणि त्याहून जास्त भीती वाटते. कौतुक करता करता माणसाला दाराबाहेर ठेवता येतं, हे आर्मस्ट्राँग यांच्याइतकं नीट कुणी दाखवलं नसेल.

बाजूने बोलणारेही होते. अर्ज आला तेव्हाचे अध्यक्ष विल्यम टिल्डन, आणि त्यांच्यानंतर काही वर्षांनी अध्यक्ष झालेले विल्यम रॅमसे, निष्क्रिय वायू शोधणारे. प्रश्न पुन्हा उभा राहिला तेव्हा पोस्टाने सगळ्या सदस्यांची मतं मागवली गेली. बाजूने १०९४, विरोधात ६४२. कौल स्वच्छ होता. तरीही कार्यकारी मंडळाने नियम बदलला नाही.

त्याऐवजी एक तोडगा निघाला. स्त्रियांना वर्गणीदार करून घ्यायचं. वर्गणी भरा, साध्या सभांना येऊन बसा, ग्रंथालय वापरा, अंक घरी येतील. मत नाही, पद नाही, नावापुढे लावायची अक्षरं नाहीत. फारच थोड्या जणींनी ही वर्गणी भरली, आणि मला त्यांच्या ताठ मानेचं कौतुक वाटतं. ग्रंथालय सोडणं म्हणजे संशोधकाने काय सोडणं, हे ज्याला कळतं त्यालाच त्या नकाराची किंमत कळेल. तरी ज्यांनी वर्गणी भरली त्यांना मी नावं ठेवणार नाही. उद्याच्या प्रयोगासाठी आज संदर्भ हवा असतो.

पुढे पहिलं महायुद्ध आलं आणि त्याच स्त्रियांना प्रयोगशाळांमध्ये बोलावून बोलावून नेलं गेलं. अर्जावर सही करणाऱ्या मार्था व्हाइटली इम्पीरियल कॉलेजात होत्या. जर्मनांनी वापरलेल्या मस्टर्ड गॅसचा नमुना त्यांच्याकडे आला. कातडीवर काय होतं ते बघायला त्यांनी तो थेंबभर स्वतःच्या हाताला, कोपराच्या आतल्या बाजूला लावला. जखम जवळजवळ तीन महिने उघडी राहिली आणि व्रण जन्मभर गेला नाही. आज कुठलाही सेफ्टी ऑफिसर हे करू देणार नाही, देऊही नये. पण फेलो व्हायला ही बाई अपात्र आहे असं ठरवणारी माणसं त्याच शहरात बसलेली होती, हेही विसरता येत नाही.

१९१९ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा केला, स्त्री आहे म्हणून कुणाला व्यवसायापासून दूर ठेवता येणार नाही असा. १९२० मध्ये सोसायटीने दार उघडलं. रीतसर प्रवेश मिळालेली पहिली स्त्री आयडा स्मेडली, तोवर लग्नानंतर आयडा मॅक्लीन. अर्जामागची मोठी शक्ती त्याच होत्या. मार्था व्हाइटली १९२८ मध्ये सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर निवडून गेलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. आणि रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्री या आजच्या नावाच्या या संस्थेला पहिल्या स्त्री अध्यक्ष मिळाल्या २०१२ मध्ये, लेस्ली येलोलीस. १८४१ पासून मोजून बघा.

अमेरिकेत गोष्ट थोडी वेगळ्या वाटेने गेली. अमेरिकन केमिकल सोसायटीत फ्रान्सिस गार्व्हन यांच्या देणगीतून १९३६ मध्ये खास स्त्री रसायनतज्ज्ञांसाठी पदक सुरू झालं. १९४८ मध्ये ते जीवरसायनतज्ज्ञ गर्टी कोरी यांना मिळालं. तोवर त्यांना नोबेल मिळून गेलं होतं! सेंट लुईसच्या विद्यापीठात नवरा प्राध्यापक आणि बरोबरीने काम करणाऱ्या गर्टीबाई कित्येक वर्षं तुटपुंज्या पगारावर संशोधन सहायक. पूर्ण प्राध्यापक झाल्या त्या नोबेलच्याच सुमारास. स्त्रियांसाठी वेगळं पदक असावं का, यावर मैत्रिणींशी माझे वाद झाले आहेत. माझं मत असं की त्या काळात ते असणंच बरं होतं. त्याच संस्थेचं सर्वोच्च प्रिस्टली पदक १९२३ पासून दिलं जातंय, आणि ते एका स्त्रीला पहिल्यांदा मिळालं १९९७ मध्ये, मेरी गुड यांना. मधली चौहत्तर वर्षं गार्व्हन पदकाने निदान नावं तरी नोंदवून ठेवली.

आणि आपल्याकडे? कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंच्या बहीण. वडील आणि काका दोघेही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनतज्ज्ञ. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. घेऊन कमलाबाईंनी टाटा इन्स्टिट्यूटमध्येच अर्ज केला आणि तिथले संचालक सी. व्ही. रामन यांनी तो, मुलगी आहे म्हणून, नाकारला. त्या गप्प बसल्या नाहीत, बंगळूरला जाऊन उभ्या राहिल्या. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. वर्षभर तात्पुरत्या उमेदवारीवर राहायचं, संचालकांचं समाधान होईपर्यंत काम मान्य धरलं जाणार नाही, आणि पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. लंडनची वर्गणीदार योजना आणि बंगळूरची ही अट, दोन्हींत मला एकच हात दिसतो. आत या, पण पूर्ण नाही. कमलाबाईंनी दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर असं काम केलं की वर्षानंतर रामन यांना मान्य करावंच लागलं, आणि पुढच्या मुलींसाठी दार खुलं झालं.

मग त्या केंब्रिजला गेल्या. बटाट्यात सायटोक्रोम सी हे प्रथिन सापडतं, म्हणजे वनस्पतीची पेशीही श्वसनासाठी ते वापरते, हे त्यांनी दाखवलं. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा. १९३९ मध्ये पीएच.डी. मिळाली. आणि हे केंब्रिज म्हणजे तेच विद्यापीठ, ज्याने स्त्रियांना पदवीबरोबर पूर्ण सदस्यत्व द्यायला १९४८ पर्यंत वेळ लावला. पदवीचं नाव घ्या, पण विद्यापीठाच्या कारभारात तुम्हाला जागा नाही. परत आल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी नीरेवर काम केलं. कुपोषित मुलांना आणि गरोदर बायकांना नीरेचा उपयोग होतो हे दाखवलं, त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. पुढे ग्राहक चळवळीत पडून 'कीमत' या मासिकात त्या सामान्य घरांसाठी लिहीत राहिल्या. १९९८ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. समारंभ चालू असतानाच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात गेल्या. बंगळूरच्या त्या नकारानंतर पासष्ट वर्षांनी. सत्कार उशिरा झाला असं लोक हळहळून म्हणतात. मला हळहळ वाटते ती बंगळूरच्या त्या वर्षाची. बावीस वर्षांच्या मुलीने ज्या वर्षात फक्त प्रयोगाचा विचार करायचा, त्या वर्षात तिला आपण इथे असण्यालायक आहोत हेही रोज सिद्ध करावं लागलं.

मी पुरस्कारांच्या विरोधात नाही. प्रफुल्लचंद्र रे यांनी १९२२ मध्ये स्वतःच्या पैशातून रसायनशास्त्रासाठी नागार्जुन पारितोषिक सुरू केलं. पण दोनच वर्षांनी, १९२४ मध्ये, कलकत्त्यात इंडियन केमिकल सोसायटी उभी राहिली आणि रे तिचे पहिले अध्यक्ष झाले. भारतीय रसायनतज्ज्ञाला आपला निबंध आपल्या लोकांपुढे वाचायला आणि आपल्या अंकात छापायला हक्काची जागा झाली. पारितोषिक आणि संस्था यांतलं कोणतं मोठं, असं मला विचाराल तर मी डोळे मिटून संस्था म्हणेन.

लंडनच्या सोसायटीने अलीकडे स्वतःच्या पुरस्कारांची कसून तपासणी केली आणि २०२१ पासून होरायझन पारितोषिकं सुरू केली. ती एका माणसाला न देता चमूला दिली जातात आणि त्यात तंत्रज्ञांचीही नावं येतात. ही बातमी वाचली तेव्हा मला आमच्या लॅबमधले मामा आठवले. काचेची भांडी धुणं, बाटल्या भरणं, लेबलं लावणं हे त्यांचं काम. पण सोडियम हायड्रॉक्साइडचं स्टँडर्डायझेशन, म्हणजे द्रावणाची नेमकी तीव्रता ठरवणं, जुळत नाही म्हणून एक नवी मुलगी रडकुंडीला आली होती, फिनॉल्फ्थॅलिनचा गुलाबी रंग धरतोय आणि उडतोय. मामांनी दुरूनच सांगितलं, "ताई, ती बाटली कालपासून नुसत्या कापसाच्या बोळ्यावर आहे, हवा खाल्ली असेल तिने. सकाळी पाणी उकळून गार केलंय, त्यात नवीन करा." हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून द्रावण उतरतं, हे आम्ही पुस्तकातून शिकलो. मामा ते बाटल्यांकडे बघून शिकले. कोणत्या ब्युरेटची तोटी सुटते, कोणत्या फ्लास्कच्या खुणेवर भरवसा ठेवू नये, हे सगळं त्यांच्या तोंडपाठ आहे. आमच्या रिपोर्टवर 'तयार केले' आणि 'तपासले' अशा दोन सह्या असतात. त्यांची सही कुठेच नसते.

समारंभात मामांना एकदा शाल दिली गेली. सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, मीही. पण आमच्या संघटनेच्या घटनेत सभासद व्हायला रसायनशास्त्राची पदवी लागते. शाल घेऊन मामा खाली उतरले आणि जेवणाची पानं मांडायला गेले. वार्षिक सभेला ते येऊ शकत नाहीत. लॅबमधल्या सुरक्षेवरची आमची पुस्तिका त्यांना मिळत नाही, आणि आम्लाच्या बाटल्या उचलतात तेच.

म्हणून येत्या वार्षिक सभेसाठी मी घटनादुरुस्तीचा प्रस्ताव लिहिला आहे. प्रयोगशाळेत ठराविक वर्षं काम केलेल्या परिचरांना आणि तंत्रज्ञांना पदवीची अट न लावता सभासद करून घ्यावं, मतासकट. सहयोगी सभासद हा वेगळा वर्ग करून मताचं पुढे बघू, असं दोन ज्येष्ठांनी सुचवलं. सल्ला चांगल्या मनाने दिलेला होता. मी त्यांना लंडनच्या वर्गणीदारांची हकीकत सविस्तर सांगितली आणि मसुदा आहे तसा ठेवला. सह्या गोळा करणं चालू आहे. प्रस्तावात पुरस्काराचा उल्लेख नाही. सभेची सूचना, अंक, पुस्तिका आणि एक मत, एवढंच मागितलं आहे.